अकलोलीची गारी

कामतघरला आमच्या आळीत तुळशीराम नावाची तीन माणसं. एक तुळशीराम गोडाऊनवाला, दुसरा तुळशीराम म्हशीवाला आणि तिसरा तुळशीराम कंट्रोलर. पहिल्याकडे पैसा, दुसऱ्याकडे दूध, आणि तिसऱ्याकडे नुसता आवाज. ही गोष्ट आवाजवाल्याची.

भिवंडीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून या माणसाने निम्मं आयुष्य माईकमध्ये ओतलं. आधी कंडक्टर होता, मग वाहतूक नियंत्रक झाला. आळीने ते सरकारी नाव एका दिवसात खाऊन टाकलं आणि ‘कंट्रोलर’ एवढाच शब्द शिल्लक ठेवला. “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. अनगाव, अंबाडी, वज्रेश्वरीमार्गे अकलोलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे,” असं तो म्हणाला, की बाकड्यावर घोरणारा माणूससुद्धा डोळे न उघडता पिशवी उचलायचा आणि खिडकीतून हातरुमाल टाकून जागा धरायचा. जागा धरून झाली की मग डोळे उघडायचा आणि गाडी आपली आहे का ते बघायचा.

सवय ही अशी. एकदा आळीतल्या सत्यनारायणाला कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला. “भाविकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे,” एवढंच तो बोलला, तर अनगावहून आलेले पाहुणे चपला घालून उभे राहिले. तीर्थप्रसाद घ्यायला त्यांना पुन्हा बसवावं लागलं.

आणखी एक गंमत. आपल्याकडे गाडीला ‘गारी’ म्हणतात, साडीला ‘सारी’. तुळशीरामच्या घरातही तेच. पण माईकसमोर बसला की त्याच्या जिभेला इस्त्री व्हायची. तिथे गाडी ती गाडीच. उभ्या नोकरीत माईकवर त्याच्या तोंडून एकदाही ‘गारी’ गेली नाही, याचा त्याला अभिमान होता. त्याची बायको आक्का म्हणायची, “घरान गारी, स्टँडाव गाडी. मानूस एक नि तोंडा दोन.” तिला नवऱ्यासकट सगळी आळी आक्काच म्हणते, आणि तिच्यापुढे फारसं कुणी बोलत नाही.

दोन हजार चार साली तुळशीराम निवृत्त झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा ओटा आळीची चौकशीची खिडकी झाला. ओट्यावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद घ्यायचा. लूमच्या कारखान्याची पाळी सुटली की कोण कुठे निघालं, कशेळीहून मनोजचा टेम्पो किती उशिरा आला, सगळं तोंडपाठ. मनोज हा त्याचा मोठा मुलगा, गोडाऊनच्या मालाची ने-आण करतो. एकदा तो म्हणाला, “बाबा, मी लेट झालो तर शेजाऱ्यांना सांगू नका ना.” तुळशीराम म्हणाला, “मी सांगलू न्हाय. फकस्त बोललू.”

शेवटी आक्काने फर्मान काढलं, की काहीतरी हाताला लावून घ्या, नाहीतर मीच माहेरची गारी धरते.

तुळशीरामने आधी रंग आणले. गणपती काढला. चित्र बरं होतं, पण गणपतीच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच उतरलं होतं. आक्काने पदराला हात पुसत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “यो गनपती तिकीट तपासाला आल्यासारखा का बघतंय?” ते खरंच होतं. आळीतल्या पोरीबाळी पाया पडायच्या आधी पर्स चाचपायला लागल्या. रंग माळ्यावर गेले.

मग भजनी मंडळ. त्याचा पुढारी पंढरी, वेताळपाड्याकडे त्याचं किराणा दुकान आहे. वाण्याची जीभ आणि बुवाचा गळा असा दुहेरी माल त्याच्याकडे. त्याने तुळशीरामला दोन गुरुवार सहन केलं. तिसऱ्या गुरुवारी हात जोडून म्हणाला, “तुळशीराम, राग धरू नको. पन तू अभंग बोलला का लोकं उठून बघतात, इठ्ठल कंच्या फलाटाव आला त.”

तुळशीरामने राग धरला नाही. टाळ परत केले आणि ओट्यावर येऊन बसला. तिथे त्याला गाणी सुचायला लागली.

म्हणजे गाणी तरी कशी म्हणायची. तो मांडीवर बोटांनी ताल धरायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा. लिहीत नसे, ज्या माणसाने सगळं वेळापत्रक डोक्यात बाळगलं, त्याला चार ओळींसाठी कागद कशाला. पावसाळ्यात कामवारी नदीवर गाणं, लाईट गेली की लोडशेडिंगवर गाणं. एक आक्कावर केलं होतं, पण त्यात ‘वळण’ आणि ‘ब्रेक’ हे शब्द आल्यामुळे आक्काने ते पहिल्याच कडव्याला बंद पाडलं.

संध्याकाळी पंढरी दुकानाचं शटर निम्मं ओढून चहाला यायचा. भजनातून काढलेल्या माणसाकडे चहा प्यायला त्याला लाज वाटत नसे, आणि तुळशीरामलाही त्याच्याशिवाय चहा लागत नसे. अशाच एका संध्याकाळी तुळशीराम म्हणाला,

“पंढरी, मी जलमभर दोनच शब्द बोलत आलू. लागली नि सुटली. गारी लागली, गारी सुटली. ‘पोचली’ असा एकदा तरी बोललू काय?”

“तू कशाला बोलशील? पोचली का न्हाय ता तिकरचा कंट्रोलर बघल.”

“त्योच तं इचारतंय. तिकरचा कंट्रोलर कोन?”

पंढरीने आधी बशीत पाहिलं, मग आभाळाकडे. “हे बघ,” तो म्हणाला, “असा काय इचारायचा असल तं एकादशीला इचार. आज मना उसल खायची हाय.”

तुळशीराम हसला, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. त्याला स्टँडवरच्या पोरी आठवायच्या. पूर्वी नवरीसुद्धा एसटीनेच सासरी जायची. फलाटावर आई खिडकीच्या गजाला धरून उभी, बाप उगीच ट्रंक टपावर नीट बांधलीय का बघतोय, आणि कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर. अशा वेळी तुळशीराम माईक चालू करून तीच गाडी पुन्हा एकदा पुकारायचा. कुणासाठी नाही, नुसता तेवढा वेळ काढायला. कंडक्टरलाही ते कळायचं. त्या पोरींचं पुढे काय झालं, नांदल्या की परत आल्या, कुणाला पोरं झाली, यातलं काहीच खिडकीमागे बसलेल्या माणसाला कळत नाही. त्याने सोडलेल्या गाड्या सगळ्या सुटलेल्याच राहिल्या.

हे सगळं त्याला तेव्हाच का आठवायला लागलं, ते आळीला ठाऊक होतं. त्याच्या धाकट्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं होतं, आणि तेही अकलोलीला. मुलगा कुमार, गरम पाण्याच्या कुंडांपासून जवळच त्याचं चहा-नाश्त्याचं हॉटेल. माणसं चांगली. खोट काढायला आळीने दोनदा जाऊन मिसळ खाल्ली, पण खोट सापडली नाही. मिसळ मात्र तिखट होती.

वैशालीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एसटीच्या कंट्रोलरची ही पोर, आणि तिला गाडी लागते. धामणकर नाक्यापर्यंत रिक्षात बसली तरी तोंडाला रुमाल. लहानपणी दरवर्षी वज्रेश्वरीच्या जत्रेला जाताना तुळशीराम तिला मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचा आणि पुढच्या थांब्याचं नाव तिच्या कानात सांगत राहायचा. “आता नदीनाका येल. आला नदीनाका. गेला. आता शेलार. शेलार गेला, आता कवाड.” नाव ऐकण्याच्या नादात पोरगी पोट विसरायची. कवाडपर्यंत हा उपाय हमखास चालायचा. अनगाव मात्र कुणाचं ऐकत नसे. अनगाव आलं की गाडी थांबवावीच लागायची. आळी म्हणायची, वैद्याच्या घरी खोकला तो हा असा.

तर ही वैशाली आता त्याच रस्त्याने जाणार होती, आणि मांडीवर बसून नव्हे. तुळशीरामच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली: पोरीच्या लग्नात आपला एक धवला व्हायला हवा.

धवला म्हणजे आपल्या लग्नातलं गाणं. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवलारीण गाते, आणि ती गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. भटजी थांबेल, धवलारीण थांबायची नाही. पण धवला बाईनेच म्हणायचा. बापयांनी नाही, आणि नवरीच्या बापाने तर मुळीच नाही.

त्याने मनोजकडे विषय काढला. मनोज मोबाईलवर मंडपवाल्याशी भांडत होता. “बाबा, डीजे सांगितलाय, बेंजो सांगितलाय, धवलारीन आहेच. त्यात तुमचा आयटम कुठं घुसवू?”

‘आयटम’ हा शब्द तुळशीरामला लागला. सदरा घातला आणि तडक बायजाबाईकडे गेला.

बायजाबाई आमच्या भागातली सगळ्यात जुनी धवलारीण. सत्तरी ओलांडलेली, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की वाळत घातलेल्या बोंबलाला पाणी सुटावं. निम्म्या कामतघरचं लग्न तिच्याच तोंडून लागलेलं. तुळशीराम-आक्काचं लागलं तेव्हा तीही नवखी होती. त्याने तिच्या अंगणात उभं राहून सगळं गाणं म्हणून दाखवलं: भिवंडी सुटली, नदीनाका आला, शेलार आला, कवाड, अनगाव, दुगाडफाटा, अंबाडी, वज्रेश्वरी, अकलोली.

बायजाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

“झाला?”

“झाला बाय.”

“तुज्या गान्यान देव कुठं हाय रं? यान तं निस्ते थांबे हायत. धवल्यान देवाला बोलवाला लागतं. मांडवाला ये, हलदीला ये, पोरीच्या डोक्याव हात ठेव. तुजी गारी खाली जातेय. जा, देव भरून आन.”

तुळशीराम चार दिवस ओट्यावर गप्प बसला. आळीला वाटलं आजारी पडला. पाचव्या दिवशी तो पुन्हा बायजाबाईच्या अंगणात हजर झाला, आणि मग रोज संध्याकाळी जायला लागला.

आता सांगा, निवृत्त झालेला धडधाकट माणूस रोज तिन्हीसांजेला सदरा बदलून, केसांना तेल लावून एका विधवा बाईच्या घरी जातो, आणि तास-तासभर बाहेर येत नाही. आळीने काय समजायचं? बाई सत्तर वर्षांची आहे म्हणून काय झालं. आळीने समजायचं ते समजलं. पंढरीच्या दुकानात तर साखरेच्या पुडीबरोबर ही बातमी फुकट मिळायची. चहाला मात्र तो रोज यायचा, आणि तुळशीरामच्या तेल लावलेल्या केसांकडे बघून खोकायचा.

बातमी आक्कापर्यंत पोचली. आक्काने पिठाचे हात धुतले, पदर खोचला आणि निघाली. तिच्यामागे चार पावलं सोडून निम्मी आळी. कुणी मेथी आणायला निघालं होतं, कुणी रॉकेल. रस्ता सगळ्यांचा एकच.

अंगणात बायजाबाई पाटावर बसली होती आणि तुळशीराम तिच्यासमोर, शाळेतल्या पोरासारखी मांडी घालून. बाई त्याच्यावर डाफरत होती.

“अनगाव इतका लांब का वढतंस? बाकीची गावा पटापटा जातात नि अनगावला तुजी गारी पंक्चर होते.”

“बाय, ता लांबच हाय.”

“काय लांब हाय? कवाडच्या फुरंच तं अनगाव.”

“लांबच हाय ता,” आक्का कुडाजवळून म्हणाली. दोघांनी वळून पाहिलं. “पोर तिथं वकायची. हे उतरून तिच्या पाठीव हात फिरवायचे, नि कंडक्टर घंटी मारायचा न्हाय. अनगाव लांब पायजेच.”

बायजाबाईने तिला निरखून पाहिलं. “म्हंजे यो गाना पोरीच्या गारी लागन्याचा हाय?”

“दुसरा कशाचा असल?” आक्का म्हणाली, आणि पाटाच्या कडेला टेकली. “बोला. मना पन आयकू दे.”

तुळशीरामने गाणं म्हटलं. आता त्यात देव आले होते, पण त्याच्या पद्धतीने. तो देवांना मांडवात बोलवत नव्हता, गाडीत बसवत होता. शेलारची गावदेवी शेलारला चढते आणि वैशूच्या शेजारी बसते. कवाडची चढते, तिला खिडकी उघडून देते. अनगावची तिच्या पाठीवर हात फिरवते. अंबाडीला गर्दी होते, देवी उभ्याने येतात, पण पोरीची जागा कुणी घेत नाही. वज्रेश्वरीची आई स्वतः फलाटावर न्यायला येते.

कुडाबाहेर कुणालाच मेथी आठवली नाही, रॉकेलही नाही. आक्का पदराच्या टोकाशी काहीतरी चाळा करत राहिली.

“हं,” बायजाबाई म्हणाली. “आता गारी भरली. चाल मातर तुज्या बापाला जमाची न्हाय. तू बोलला का स्टँड आठवतं. मी पाठवनीला बोलन. तू दुरून आयक.”

एवढं झालं, आणि तुळशीरामचं चित्त पोरीच्या लग्नापेक्षा पाठवणीकडे लागलं. देणं-घेणं, जेवण, मानपान, कशाशी त्याला काही नव्हतं. मांडवात कुणी विचारलं, भाजी कमी पडेल का, तर म्हणायचा, “पाठवनीला ना? न्हाय पडनार.”

हळदीच्या दिवशी मनोजने डीजे लावला. लावला म्हणजे सोडला. भिंतीएवढे खोके, आणि आवाज असा की शेजारच्या कारखान्यातले लूम बंद पडलेत की चालू आहेत ते कळेना. तशात बायजाबाई हळदीचे धवले म्हणायला बसली. ती गाते, डीजे चढतो. डीजे चढतो, ती आणखी वर जाते. माघार घेईल ती बायजाबाई कसली. हळद पोरीला लागली, आणि घसा बाईचा बसला.

सकाळी तिच्या तोंडून आवाज नव्हे, जात्याची घरघर निघत होती. तरी तिने सगळे विधी ओढून नेले. हळद-मिठाच्या गुळण्या करत तिने मुहूर्ताचं गाणं पुरं केलं, आणि बारा-सव्वाबाराला वैशालीचं लग्न लागलं. जेवणावळी उठल्या. उन्हं कलली तशी वऱ्हाडाची निघायची वेळ झाली. मंडपाबाहेर दोन गाड्या उभ्या होत्या. नवरा-नवरीसाठी फुलांनी मढवलेली सुमो, आणि अकलोलीच्या वऱ्हाडासाठी भाड्याने घेतलेली लाल एसटी.

वैशाली सुमोच्या दाराशी आली. झेंडूचा वास, डिझेलचा वास, आणि रुमाल आधीच तोंडाशी. तुळशीरामने दुरून तिचं तोंड पाहिलं आणि ओळखलं. नदीनाकासुद्धा गाठायची नाही.

त्याने बायजाबाईकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, छाती भरून घेतली, आणि काहीच आलं नाही. पुन्हा एकदा प्रयत्न केला. नुसती हवा. आक्का पोरीच्या गळ्यात पडली होती. पाठवणी बिनगाण्याची चालली होती, आणि ज्याच्यासाठी त्याने दोन महिने आळीचा संशय अंगावर घेतला ते गाणं एका म्हातारीच्या घशात अडकून राहिलं होतं.

तुळशीराम तिच्याजवळ गेला. बाईने त्याचा सदरा धरून त्याचा कान खाली ओढला.

“तूच बोल,” ती कुजबुजली.

“बाय, बापयांनी धवला बोलायचा नसतो. लोकं हसतील.”

“मंग धवला नको बोलू.” बाईने त्याला हलकासा ढकलला. “तुजा काम कर.”

तुळशीराम मनोजजवळ गेला. मनोजचे डोळे लाल झाले होते. त्याने बापाकडे पाहिलं, बायजाबाईकडे पाहिलं, आणि काही न विचारता डीजेवाल्याच्या हातातून माईक काढून बापाच्या हातात दिला.

तुळशीरामने माईकवर बोटाने दोनदा टकटक केलं. दोन वर्षांत हात ते विसरला नव्हता.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.”

मंडपातली प्रत्येक मान वर झाली.

“अनगाव, अंबाडी, वज्रेश्वरीमार्गे अकलोलीला जाणारी गाडी...”

पुढचं कुणी ऐकलं नाही. पिशव्या उचलल्या गेल्या, पोरं बखोटीला मारली गेली, आणि मंडपातली माणसं, नवरीकडची, नवऱ्याकडची, ठाण्याची, कशेळीची, सगळी लाल एसटीवर तुटून पडली. खिडक्यांतून हातरुमाल पडले, टोप्या पडल्या, एकाने तर आहेराचं पातेलं टाकून जागा धरली. खुद्द पंढरी, ज्याचं घर मंडपापासून दगड मारला तर लागेल एवढ्यावर, तोसुद्धा मागच्या दाराने चढून खिडकीशी जाऊन बसला. अकलोलीचे व्याही खालीच राहिले.

हसू आधी वैशालीला फुटलं. रडता रडताच फुटलं, त्यामुळे तिला उचकी लागली. मग आक्का हसली, मग व्याही, मग सगळा मांडव.

तुळशीराम थांबला नाही. तो पोरीकडे बघत होता, आणि त्याच्या जिभेची इस्त्री मोडली.

“...अकलोलीला जानारी गारी लागली हाय,” तो म्हणाला. “वैशू, आयक. आता नदीनाका येल. मंग शेलार. शेलारची गावदेवी चढल, तिला जागा दे. कवाडची येल, ती खिरकी उघडल. अनगावला गारी थांबल. कवरा पन वेल थांबल. अनगावची आई पाठीव हात फिरवल, घाबरू नको. दुगाडफाट्याला कोन चढला न्हाय तरी चालल. अंबाडीला गर्दी होल, पन तुजी जागा कोन घेनार न्हाय. वज्रेश्वरीला आई न्यायला येल. मंग अकलोली. मंग तुजा घर.”

चाल नव्हती, ताल नव्हता. स्टँडवर बोलायचा तसा सपाट बोलला, फक्त हळू. एसटीत जागा धरून बसलेली माणसं खिडक्यांतून डोकी काढून ऐकत राहिली. बायजाबाईने दोन्ही हात वर करून पोरीवरून बोटं मोडली. म्हणजे विधी झाला. तिच्या लेखी झाला, म्हणजे झालाच.

वैशाली बापाच्या पाया पडली आणि सुमोत न बसता एसटीकडे वळली. “मी यान बसून जाईन,” ती कुमारला म्हणाली. “फुरं, खिरकीला.” कुमारने एकदा सुमोच्या फुलांकडे आणि भाड्याकडे पाहिलं, आणि चढला. पुढच्या खिडकीवरून कुणाचा तरी रुमाल काढून नवरीला जागा करून दिली. चुकून चढलेली माणसं रुमाल-टोप्या घेऊन उतरली, अकलोलीचं वऱ्हाड चढलं, आणि सुमोत अकलोलीची म्हातारी मंडळी फुलांत बसून ऐटीत गेली.

गाडी सुटली. हे सांगायला माईक लागला नाही.

नंतर मंडपात झाडू फिरायला लागला, भांडीवाला मोजून भांडी घेऊन गेला. तुळशीराम घरी आला आणि ओट्यावर बसला. आक्काने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. ती त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, “आता कवाडला असल.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “अनगाव.” मग दोघंही बराच वेळ काही बोलली नाहीत. अनगाव लांबच आहे.

दिवेलागणीला घरातला फोन वाजला. तुळशीरामने घेतला. बायजाबाईसुद्धा फडक्याने गळा गुंडाळून आली होती, ती दारात थांबली.

“बाबा,” वैशाली म्हणाली. “अनगावला काय न्हाय झाला.”

“न्हाय झाला?”

“अंबाडीला झाला.”

“हत्तेरी. म्हंजे गान्यान चूक हाय.”

“असू दे. गारी थांबवली होती त्यांनी. पानी आनून दिला.” मग ती घुटमळली. “बाबा, पंढरीकाका पन आलाय इकरं. त्याला उतराचा ध्यान न्हाय ऱ्हायला. आमच्या हाटेलान मिसल खातोय. थांब, देते.”

फोनवर आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मिसळ तिखटच होती.

“तुळशीराम,” पंढरी म्हणाला, “तिकरचा कंट्रोलर बोलतंय. लिवून घे. गारी पोचली.”

“बरं,” एवढं म्हणून तुळशीरामने फोन ठेवला. बायजाबाईने खुणेनेच विचारलं, काय झालं. आक्काही पदर सावरून बघत राहिली. त्यांना उत्तर न देता तो बाहेर ओट्यावर आला. लूमची पाळी नुकतीच सुटली होती, माणसं डबे हलवत घरी चालली होती. त्याने घसा खाकरला, आणि माईक नसताना, उभ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

“अकलोलीची गारी पोचली हाय.”

चालती माणसं थांबली. यावर पिशवी उचलायची की खाली ठेवायची, ते कुणालाच कळेना. आळीत ही घोषणा आधी कुणी ऐकलीच नव्हती.